बोरूला चूलबंद आवतन

गजेंद्रचा लॅपटॉप तापला होता. आता मे महिन्यात अकोल्यात काय तापत नाही? नळ सोडला तर चहाचं पाणी येतं, स्कूटरच्या सीटवर बसण्याआधी देवाचं नाव घ्यावं लागतं, आणि दुपारी कोणाला साधा पत्ता विचारला तरी माणूस अंगावर येतो. त्यात लॅपटॉप जुना. गजेंद्र ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहायचा, तो उघडला की आतला पंखा असा घरघरायचा की स्वयंपाकघरातून आई विचारायची, "मिक्सर कोनं लावला रे?"

एरवी हे चालून गेलं असतं. पण सोमवारी दुपारी गजेंद्रची परीक्षा होती. पुण्याच्या कंपनीतले त्याचे साहेब, शेखर, यांनी त्याला अकोल्याहून काम करायची परवानगी दिली होती ती प्रयोग म्हणून. प्रयोगाची मुदत संपत आली तसा साहेबांचा फोन आला. "सोमवारी सगळ्या टीमसमोर तुमचा स्क्रीन दाखवा. मी सांगेन तो बदल प्रोग्राममध्ये तिथल्या तिथे करा. अकोल्यातून काम होतं हे मला दिसलं पाहिजे. अन्यथा पुण्याला परत या." शेखर साहेब बोलायचे असेच. वाक्याला इस्त्री करून, घडी घालून हातात द्यायचे. ती घडी मोडायची हिंमत टीममध्ये कोणाची नव्हती.

पुण्याला परत जायचं म्हणजे आरतीचं काय? गजेंद्रच्या बायकोला जूनपासून डाबकी रोडवरच्याच एका शाळेत शिकवायला जायचं होतं. पुण्यातल्या दोन खोल्यांत बसून बसून ती पार कंटाळून गेली होती. शाळेसाठी म्हणून तिने दोन साड्यांना फॉल-पिको करून आणलं होतं आणि त्या कपाटात अगदी समोर टांगल्या होत्या. येता-जाता ती कपाट उघडून बघायची. गजेंद्रला ते दिसायचं.

म्हणून रविवारी सकाळी त्याने ठरवलं की या जड एडिटरला रजा द्यायची. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला 'बोरू' नावाचा एक एडिटर फुकट मिळत होता. तयार मिळायचा, तसा त्याचा कच्चा मालही मिळायचा. म्हणजे त्याचा सगळा सोर्स आपल्या घरी उतरवून घ्यायचा, काय हवं काय नको ते त्याला सांगायचं, आणि आपल्याच मशीनवर तो शिजवायचा. नको ते सगळं गाळलं की सुपासारखा हलका एडिटर हाती येतो, असं गजेंद्रने वाचलं होतं. वाचलं होतं ते खरंच होतं. फक्त ज्याने लिहिलं तो एकटा राहत असणार.

गजेंद्र एकटा राहत नव्हता. आणि घरातला एकुलता एक कूलर हॉलमध्ये होता, म्हणून लॅपटॉपही हॉलमध्येच होता. समोर खाटेवर वडील, महादेवराव. एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून आयुष्य काढलेला माणूस; निवृत्त झाले तरी कुठलीही गोष्ट आपल्याला न विचारता सुटते हे त्यांना पटत नसे. खाली सतरंजीवर आई, सुभद्राबाई, काडीवर कणकेची दोरी गुंडाळत वर्षभराच्या वाळवणाचे सरगुंडे करत बसली होती. आरती तिच्या हाताखाली.

"काय करून राहिला रे गजू?" महादेवरावांनी विचारलं.

"एडिटर बनवून राहिलो बाबा. रेडीमेड नाही घेत. सोर्सपासून घरीच."

"बाप्पा!" सुभद्राबाईंचा हात थांबला. "बाजारचं नाही आनत, घरी करते म्हनते. पोट्टा सुधरला बरं." या घरात बाजारचा पापडही कधी आला नव्हता. आईच्या डोळ्यांत एवढं कौतुक गजेंद्रने इंजिनिअर झाल्यावरही पाहिलं नव्हतं. तो फुगला, आणि तिथेच फसला. कारण कौतुक झालं की माणूस काम मोठ्याने वाचून दाखवायला लागतो.

बोरूचा प्रश्न विचारणारा प्रोग्राम सुरू झाला. एकेक गोष्ट पडद्यावर यायची आणि 'हवी की नको' विचारायची.

"आवाज," गजेंद्रने वाचलं. "नको."

"काहून नको?" महादेवराव उठून बसले.

"लिहाले आवाज कायले लागते बाबा?"

"अरे पन घंटी असली तं बरं असते. बिना घंटीची गाडी मी कदी सोडली नाही."

गजेंद्रने मनात म्हटलं, एवढ्याने काय होतं. आवाज घेतला. पुढचा प्रश्न आला. "चंद्राच्या कला दाखवणं. आता हे कोनाले पाहिजे? नको."

"थांब थांब," सुभद्राबाई म्हणाल्या. "चंद्र दिसते त्याच्यात? मंग चतुर्थीले चंद्र कदी निंगते तेही समजन न! ठेव बापा. तुले जड होते का?"

"आई, तेच तर, जडच होते."

"चंद्र जड होते म्हनते!" सुभद्राबाईंनी आरतीकडे पाहिलं. आरती गालातल्या गालात हसली. चंद्र आत आला.

मग खेळ आले, टपाल आलं, हवामान आलं. हवामान नको म्हटल्यावर महादेवरावांना फारच वाईट वाटलं. अकोल्यात राहून हवामान नको म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग एक 'डॉक्टर' आला. माणसाने मनातलं दुःख लिहायचं आणि त्याने उलट प्रश्न विचारायचे, असली ती गंमत होती.

"फुकट डॉक्टर होय?" महादेवराव म्हणाले. "राहू दे घरात. अडीनडीले लागते."

"बाबा, मले हलकं पाहिजे हो! मी 'नको' म्हनाले बसलो आहे. तुमी 'हो' म्हनाले लावून राहिले."

महादेवरावांनी चष्मा काढला. हा माणूस चष्मा काढून बोलायला लागला की घरात पंखासुद्धा हळू फिरतो असं सुभद्राबाईंचं म्हणणं होतं. "गज्या, तुह्या लग्नात आपन आवतन कसं देल्लं होतं? साधं का चूलबंद?"

"चूलबंद."

"हाव. घरातलं लेकरू नाही सोडलं. त्या दिवशी गल्लीत कोनाच्या घरी चूल नाही पेटली, सगळे आपल्याकडे जेवले. एकाले ये म्हनाव आन त्याच्या भावाले नको म्हनाव, असं आपल्या घरात झालं नाही. आन तू इथं बसून याले नको, त्याले नको! तोंड उघडलं का नको! शोभते का तुले?"

एडिटरच्या सोयींना पंगतीचे नियम लागत नाहीत हे गजेंद्रला ठाऊक होतं. पण ते महादेवरावांना सांगणं म्हणजे आणखी एक तास. शिवाय पुढचाच प्रश्न पडद्यावर उभा होता: 'बोललेलं मराठी ऐकून लिहून घेणं.' बोरू बनवणाऱ्यांत कोणी मराठी माणूस असावा. त्याने हौसेने ही सोय केली होती.

"हे तं माह्यासाठीच आहे!" महादेवराव उभेच राहिले. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल वर्तमानपत्रांना पत्रं पाठवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा धंदा होता, आणि टायपिंग त्यांना येत नव्हतं. गजेंद्रने कपाळाला हात लावला आणि प्रश्नांची यादी बंद करून एकच ओळ लिहिली: सगळं घे.

"चूलबंद!" महादेवराव समाधानाने खाटेवर टेकले.

सगळं घे म्हणणं सोपं असतं. पण बोरूच्या सोयी एकेकट्या येणाऱ्यांतल्या नव्हत्या. चंद्राला ग्रहगणिताचं पॅकेज लागत होतं, त्याला आणखी दुसरं, आणि त्या दुसऱ्याचा तिसऱ्यावाचून पाय निघत नव्हता. पडद्यावर नावांची रांग लागली. गजेंद्र घाम पुसत ती बघत होता आणि महादेवराव खूश होते. "मंग! पाव्हना कदी एकटा येते का?"

पाहुणे उतरवता उतरवता गजेंद्रच्या मोबाइलचा डेटा संपला. मग भिंतीपलीकडच्या अब्दुल रहीम चाचांच्या वाय-फायला हाक मारावी लागली. चाचांचं कूलरचं दुकान होतं. पासवर्ड द्यायला ते स्वतः आले, कारण फोनवर पासवर्ड सांगणं म्हणजे आल्या-गेल्याचा चहा बुडवणं. आले ते लॅपटॉपवर हात ठेवून उभे राहिले.

"या खुदा! गजू बेटा, याले हवाच नाई भेटून राहिली. इंजिन गरम होईन नाई तं काय होईन?"

तोवर बोरू शिजायला लागला होता. पडद्यावरून ओळी धावत होत्या आणि लॅपटॉपखालची चादर इस्त्रीच्या दुकानासारखा वास मारत होती. चाचांनी दोन विटा मागवल्या, त्यांवर लॅपटॉप चढवला आणि महादेवरावांच्या खाटेकडे असलेलं कूलरचं तोंड फिरवून सरळ त्याच्याकडे केलं. आवतन आपणच दिलेलं, आता पाहुण्याला वारा घालणं भाग होतं. महादेवराव ओला पंचा डोक्यावर घेऊन पडून राहिले. कूलरने मध्येच पाण्याचे चार थेंब उडवले तशी आरती किंचाळली आणि धावत जाऊन लॅपटॉपसमोर सुपाचा आडोसा धरून बसली. सुभद्राबाईंनी चटणीसाठी मिक्सर लावला आणि घरातली सगळी वीजच गेली. चाचांनी बटण पुन्हा वर केलं. मिक्सर बंद, टीव्ही बंद, फ्रिज बंद. त्या दिवशी घरात कूलर आणि बोरू एवढेच चालू होते. जेवायला सगळ्यांनी कालची भाकर आणि ताक घेतलं.

संध्याकाळी बोरू तयार झाला. उघडायला त्याने जुन्या एडिटरच्या दुप्पट वेळ घेतला. घंटी वाजली, कोपऱ्यात चंद्राची कोर आली, हवामान 'आज उष्ण' म्हणालं.

"हे त्यानं सांगाले पाहिजे होतं का?" आरतीने विचारलं. सूप धरून तिचे हात दुखत होते.

महादेवरावांनी मात्र लगेच घसा खाकरून खड्ड्यांचं पत्र सांगायला घेतलं, आणि काय सांगावं, बोरूने ते शब्दन् शब्द लिहून काढलं! वऱ्हाडीत बोलले तर वऱ्हाडीत. कुठे अडला नाही. सुभद्राबाईंनी त्या पठ्ठ्याची दृष्ट काढली.

एक अडचण होती. ऐकायचं बंद करण्याचं बटण बोरूला नव्हतं. ते बनवणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीसाठी ठेवलं होतं. बंद करायचं तर ती सोय गाळून पुन्हा पहिल्यापासून शिजवायचं. आणि जुन्या एडिटरकडे जावं तर तो पाहुण्यांच्या गर्दीत कुठेतरी पुसला गेला होता. गजेंद्रने डोकं चालवलं. मीटिंग सुरू असताना माइक मीटिंगच्या ताब्यात असणार. मग बोरूला तो मिळणार कुठून? हिशोब चोख होता. त्याने निश्चिंतपणे पाठ टेकली.

सोमवारी लॅपटॉप पुन्हा विटांवर, कूलरसमोर, म्हणजे अर्थातच हॉलमध्ये. गजेंद्रने सगळ्यांना तंबी दिली. "कोनी बोलाचं नाही. खोकला आला तं बाहेर जा." महादेवराव पाय न वाजवता फिरत होते. आरती दाराच्या चौकटीत उभी होती आणि तिच्या हाताला काम नव्हतं, म्हणून ती पदराचं टोक पिळत होती.

सुरुवात झकास झाली. सगळी टीम हजर. गजेंद्रच्या बोरूमध्ये प्रोग्राम उघडा, आणि तो सगळ्यांना दिसत होता. शेखर साहेबांनी गोदामातल्या मालाच्या मोजणीत एक बदल सांगितला आणि मग बदल सांगता सांगता ते शिस्त या विषयाकडे वळले. त्या विषयाकडे वळले की साहेब लवकर परत येत नसत. "घरून काम करताना वातावरण कार्यालयीन असणं अत्यंत आवश्यक असतं," ते म्हणाले, आणि नेमके त्याच क्षणी महादेवराव ताकाचा पेला घेऊन गजेंद्रच्या खांद्याशी आले.

गजेंद्रने झटकन मीटिंगमधला आपला माइक बंद केला. मीटिंगने माइक सोडला. बोरूने तो उचलला.

गजेंद्र पडद्याकडे पाठ करून वडिलांकडे वळला. "बाबा, आत्ता नको न! तो खडूस बोलून राहिला."

"कोन, शेखर साहेब? केव्हाचा बोलून राहिला बिचारा. पानी गिनी प्याला का?"

"त्याले पानी नाही लागत. डोक्श्यात बर्फ आहे त्याच्या."

"असं नाही बोलू," सतरंजीवरून सुभद्राबाई म्हणाल्या. "जेवला नसन तो. उपाशी मानूस असाच चिडचिड करते. पुन्यात कोन बसलं त्याले आग्रह कराले?"

"त्याले म्हना," महादेवराव म्हणाले, "अकोल्याले येजो म्हना आपल्याकडे. आंब्याचा रस न सरगुंडे खाऊ घालू. पोटभर जेवला का मंग बोलन निस्ता गोड."

दारातून आरती हातवारे करत होती. ती पडद्याकडे बोट दाखवत होती, मग तोंडावर हात ठेवत होती, मग पुन्हा पडद्याकडे. गजेंद्रला वाटलं तिलाही ताक हवं आहे. त्याने पेला तिच्याकडे धरला. तिने डोकं चौकटीवर आपटलं. तेव्हा कुठे त्याने मागे वळून पाहिलं.

प्रोग्रामच्या ऐन मध्यावर, गोदामाच्या मोजणीला लागून, खडूसपासून सरगुंड्यांपर्यंत सगळं स्वच्छ उतरलेलं होतं. खाली कोपऱ्यात चंद्राची कोर. मीटिंगमधले सगळे चेहरे फोटोतल्यासारखे स्तब्ध होते. एकाने तर हसू लपवायला आपला कॅमेराच बंद केला होता.

संपलं, गजेंद्रला वाटलं. त्याला कपाटातल्या त्या दोन साड्या दिसल्या.

"गजेंद्र," शेखर साहेबांचा आवाज आला. "माइक सुरू करा."

त्याने केला.

"तुमच्या प्रोग्राममध्ये काही मजकूर आला आहे. मी वाचला. सगळ्यांनीच वाचला." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाणी प्यायले, आणि मग असा आवाज आला की टीममधल्या लोकांना वाटलं मीटिंगमध्ये दुसराच कोणी घुसला.

"आवतन कसं होय? साधं का चूलबंद?"

मग महादेवराव गजेंद्रला बाजूला सारून लॅपटॉपसमोर वाकले. "चूलबंद! चूलबंद साहेब! पन तुमी कोनीकडचे?"

"तुमच्याच जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याचा होय जी मी."

"अरे बाप्पा! मंग आतापरेंत काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू काका? पुन्यात गेलो तवा तोंड उघडलं का सगळे हसत. मंग बोलनंच बदलवून टाकलं. आता घरीही तसंच बोलतो, पोट्टेही तसेच बोलतात. मले जेवाचा आग्रह करनारं कोनी भेटलं नाही इतक्या वर्षांत. आन सरगुंडे तं..." साहेबांनी मान वळवली. पुण्याची सगळी टीम आ वासून बघत होती.

"रडू नको बापा," सुभद्राबाई म्हणाल्या. आता त्यांनाही कळलं होतं की पलीकडे ऐकू जातं. "ये तू. डब्बा भरून ठेवला आहे."

साहेबांनी नाक पुसलं. "गज्या, ते सरगुंडे काढ प्रोग्राममधून आन म्या सांगतला तो बदल करून दाखव. खडूस म्हनलास त्याचं नंतर पाहू."

गजेंद्रच्या बोटांत कुठून जोर आला देव जाणे. त्याने मजकूर काढला, बदल केला, प्रोग्राम चालवला. गोदामातला माल बरोबर मोजला गेला. बोरूची घंटी वाजली. "पास," साहेब म्हणाले. "अकोल्यातून काम होते. मले पटलं." आरती दारातून नाहीशी झाली, आणि आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

गोष्ट इथे संपली असती तर गजेंद्रचं किती भलं झालं असतं! पण पुढच्या शनिवारी दुपारी, गल्लीतलं कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी, दारात गाडी थांबली. आधी शेखर साहेब उतरले. मग त्यांची बायको, दोन मुलं, सासूबाई, आणि 'एवीतेवी गाडी रिकामीच होती' म्हणून आलेला एक साडू. मागच्या डिकीतून तीन बॅगा, एक लॅपटॉप आणि एक मोठा मॉनिटर निघाला.

"मॉनिटर कायले आनला सर?" गजेंद्रने विचारलं.

"अरे, तूच तं सिद्ध करून देल्लं न," साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अकोल्यातून काम होते. मंग मी पुन्यात कायले बसू? तेल्हाऱ्याचं घर दुरुस्त करून राहिलो. ते होईपरेंत आहोच इथं."

"राहा न!" महादेवराव म्हणाले. "चूलबंद म्हनलं आपन. त्याच्यात जाचा दिवस सांगत नसतात."

सोमवारी सकाळी कूलरसमोर शेखर साहेब बसले होते, मांडीवर सरगुंड्यांची ताटली घेऊन. साडू महादेवरावांच्या खाटेवर झोपला होता. महादेवराव शेजारी खुर्चीत बसून आनंदात होते. गजेंद्र कोपऱ्यात, वारा पोचत नव्हता तिथे, लॅपटॉप विटांवर ठेवून नव्याने बोरू शिजवायला बसला होता. पुण्यात निदान संध्याकाळी साहेब आपल्या घरी जायचे. या वेळी त्याने कोणाला काही वाचून दाखवलं नाही. आवाज नको. चंद्र नको. डॉक्टर नको. ऐकणं तर मुळीच नको. दात-ओठ खात तो एकेक 'नको' दाबत होता.

"गज्या," कूलरसमोरून हाक आली. "काय, बोरू बनवून राहिला का?"

"हो सर."

"माह्याही लॅपटॉपवर चढवून दे," साहेब रस ओरपत म्हणाले. "आन सगळं टाकजो त्याच्यात. कोनाले सोडू नको."